कोआ नदीतीरीचा द्राक्षमळा आणि शिळांवरील पशू

महोत्सवी स्मरणिकेत धर्मग्रामाचा इतिहास असावा व पूर्वजांच्या श्रमांचे स्मरण असावे, हे योग्यच होय. आणि तो विषय आमच्याहून अधिक अधिकारी लेखणीला शोभेल. आम्ही मात्र वाचकांस थोडे दूर, पोर्तुगाल देशाच्या ईशान्य कोपऱ्यातील एका नदीच्या तीरी नेऊ इच्छितो. नदीचे नाव कोआ. तिच्या काठी एर्वामोइरा नावाचा एक द्राक्षमळा आहे. हा मळा एका कुटुंबाने मोठ्या हौसेने लावला, एका धरणाने तो बुडविण्याचा घाट घातला, आणि हजारो वर्षांपूर्वी खडकांवर कोरलेल्या बैलांनी, घोड्यांनी व रानबकऱ्यांनी तो वाचविला. ही कथा काल्पनिक नव्हे. तिच्यातील बराचसा भाग आपल्या हयातीत घडला आहे.

वसईच्या वाचकाला कोआ नदीशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. इ. स. १५३४ पासून १७३९ पर्यंत, म्हणजे दोनशे पाच वर्षे, आमच्या या किनाऱ्यावर पोर्तुगिजांचा अंमल होता, हे सर्वश्रुत आहे. या लेखात जी माणसे येतील त्यांची आडनावे पिंटो, आल्मेडा, फरेरा अशी आहेत, व तीच आडनावे आमच्याकडील बाप्तिस्म्याच्या वह्यांतून आढळतात. हा संबंध रक्ताचा नव्हे, नुसता नावाचा आहे हे खरे. परंतु दुसरा एक संबंध याहून खोल आहे. मिस्साबलिदानाच्या वेळी वेदीवर जो द्राक्षारस ठेवावयाचा तो द्राक्षवेलीच्या फळाचाच, निर्भेळ व न नासलेला असावा, असा ख्रिस्तसभेचा दंडक आहे. आम्ही केळीच्या व पानवेलीच्या वाड्यांत वाढलेली माणसे. द्राक्षवेलीची आमची ओळख बहुतेक शुभवर्तमानातून झालेली. ती वेल कोणत्या मातीत रुजते, कोणत्या किड्याने मरते व कोणत्या उपायाने जगते, हे ठाऊक असलेली मंडळी आमच्यात थोडीच. तेव्हा ही माहिती अगदीच अस्थानी ठरणार नाही, अशी आम्हांस आशा आहे.

दोउरो नदी स्पेन देशातील पहाडांत उगम पावते व सुमारे ९०० किलोमीटर वाहून पोर्तो शहरापाशी अटलांटिक महासागरास मिळते. कोआ ही तिची डाव्या तीरची उपनदी. देशातील पुष्कळ नद्या पश्चिमेकडे समुद्राची वाट धरतात. ही मात्र दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहत येऊन व्हिला नोवा द फोझ कोआ या गावाजवळ दोउरोस मिळते. समुद्राकडून येणारे ढग मधल्या डोंगररांगांवरच रिते होतात. पोर्तोच्या बाजूस वर्षाकाठी हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर कोआच्या मुखाशी तो चारशे-पाचशेच्या घरात राहतो. आमच्या वसईत एकट्या जुलै महिन्यात याहून अधिक पाणी पडते! तेथील उन्हाळा कडक व हिवाळा बोचरा. बदाम, जैतून आणि द्राक्ष एवढीच झाडे अशा ठिकाणी सुखाने नांदतात.

या प्रदेशातील मुख्य खडक शिस्ट जातीचा आहे. आमच्या सह्याद्रीच्या काळ्या कातळाहून तो अगदी निराळा. शाळेतील पाटीप्रमाणे त्याचे पापुद्रे सुटतात, आणि कोआच्या खोऱ्यात तर हे पापुद्रे व भेगा पुष्कळ ठिकाणी उभ्या आहेत. या उभ्या भेगांकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे, कारण आमच्या कथेतील दोन्ही गोष्टी त्यांतूनच निघाल्या आहेत. द्राक्षवेलीची मुळे भेगांतून खोल उतरतात आणि उन्हाळ्यात वर सर्व करपले असता खाली राहिलेली ओल शोषून घेतात. तोच खडक नदीच्या काठी उभा चिरला म्हणजे भिंतीसारखी सपाट, गुळगुळीत शिळा उघडी पडते. आणि अशा शिळा पाहूनच प्राचीन मानवाचा हात शिवशिवला. वेलीला मूळ घालावयास व माणसाला चित्र कोरावयास एकाच दगडाने जागा दिली.

शिस्टचे हे महत्त्व द्राक्षे पिकविणाऱ्यांस फार पूर्वीपासून कळले होते. इ. स. १७५६ मध्ये मार्क्विस द पोंबाल याच्या कारभारात दोउरोच्या द्राक्षभूमीच्या सीमा राजाज्ञेने आखण्यात आल्या, आणि ग्रॅनाइटचे दगडी खांब रोवून त्या कायम केल्या. (याच पोंबालने पुढे तीन वर्षांनी येशूसंघीयांस पोर्तुगालमधून हाकलले, वसई, साष्टी व गोवे येथील वाचकांस तो प्रसंग निराळ्या कारणाने आठवत असेल. असो.) कोआचे खोरे मात्र त्या सीमांच्या बाहेर, वरच्या अंगास राहिले. कारण दोउरोच्या पात्रात वालैरा नावाच्या ठिकाणी एक मोठा खडकाळ धबधबा होता व त्याच्या पलीकडे नावा जात नसत. अठराव्या शतकाच्या अखेरीस सुरुंग लावून तो फोडण्यात आला, तेव्हा कोठे वरचा प्रदेश व्यापारास खुला झाला. तरीही ती जागा घातकीच राहिली. दोउरो नदीचा प्रसिद्ध नकाशा काढणारा इंग्रज व्यापारी जोसेफ जेम्स फॉरेस्टर हा १८६१ च्या मे महिन्यात तेथेच नाव उलटून बुडाला. त्याच नावेत दोना आंतोनिया आदेलायद फरेरा ही बाई होती. तिच्या घेरदार झग्यात हवा भरल्यामुळे ती तरंगत काठास लागली, अशी आख्यायिका आहे. झग्याचे खरे असो वा नसो, बाई वाचली. आणि तिचे वाचणे त्या खोऱ्याच्या फार उपयोगी पडले.

फरेरा बाईच्या हयातीतच द्राक्षवेलीवर एक भयंकर अरिष्ट कोसळले. त्याचे नाव फिलोक्सेरा. हा माव्यासारखा पिवळसर, डोळ्यांस जेमतेम दिसणारा कीटक अमेरिकेतील रोपांबरोबर युरोपात शिरला. तो मुळांतील रस शोषतो, मुळांवर गाठी धरतात, त्या कुजतात आणि हिरवी दिसणारी वेल दोन-चार वर्षांत वाळून जाते. फ्रान्समध्ये वेली मरू लागल्या तेव्हा लोक हवेला, मातीला, स्वतःच्या पापांना दोष देऊ लागले. १८६८ मध्ये माँपेलिए येथील वनस्पतिशास्त्रज्ञ प्लांशाँ व त्याचे सहकारी यांनी मेलेली वेल सोडून शेजारची जिवंत वेल उपटून पाहिली, आणि तिच्या मुळांवर हे किडे त्यांस सापडले. मेलेल्या वेलीवर ते नसत, कारण अन्न संपताच ते पुढच्या वेलीकडे निघून जात. एवढी साधी गोष्ट ध्यानात यावयास काही वर्षे गेली होती.

दोउरोच्या खोऱ्यातही याच दशकात हा किडा दिसू लागला व पुढील वीस वर्षांत त्याने शेकडो पायऱ्यांचे मळे उजाड केले. दगडी बांध घातलेल्या, वेली गेलेल्या त्या जुन्या पायऱ्या अद्याप डोंगरउतारांवर दिसतात. तेथील लोक त्यांस ‘मोर्तोरियो’ म्हणतात, व त्या शब्दात मरणाचाच अर्थ आहे. शेवटी उपाय सापडला तो असा की, अमेरिकन वेलीची मुळे या किड्याच्या संगतीत वाढल्यामुळे त्याला दाद देत नाहीत. म्हणून खुंट अमेरिकन वेलीचा घ्यावा व त्यावर आपल्या वेलीचे कलम बांधावे. जेथून रोग आला तेथूनच औषध आले. आमच्या नाशिक-सांगलीकडील बागाईतदारही डॉगरिज नावाच्या अमेरिकन खुंटावर द्राक्षाची कलमे करतात. त्यांचे कारण वेगळे, म्हणजे खारी जमीन व पाण्याची टंचाई हे आहे. परंतु युक्ती तीच.

पुष्कळ मळेवाले या काळात देशोधडीस लागले. दोना आंतोनियाने मात्र १८७७ मध्ये फोझ कोआच्या परिसरात मेआंव डोंगराची पडीक जमीन विकत घेतली आणि आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत तेथे नवा मळा वसविला. १८९६ मध्ये ती वारली. तो मळा तिच्या वंशजांकडे आहे. ज्या वरच्या प्रदेशाला पूर्वी कोणी विचारीत नसे तेथे उत्तम द्राक्ष होते, हे तिने दाखवून दिले, आणि एर्वामोइराची कथा खरे पाहता येथूनच सुरू होते.

पोर्तो येथे आद्रियानो रामोस पिंटो याने १८८० मध्ये द्राक्षारसाची पेढी काढली. तिचा व्यवहार विशेषतः ब्राझील देशाशी चाले. जवळजवळ शंभर वर्षांनी त्याच कुटुंबातील जोझे आंतोनियो रामोस पिंटो रोझास याच्या मनात निराळाच विचार घोळू लागला. दोउरोचे मळे म्हणजे उभ्या डोंगरावर हाताने रचलेल्या पायऱ्या. तेथे यंत्र चालत नाही, मजूर मिळत नाहीत, आणि शिवाय एकाच मळ्यात दहा-वीस जातींच्या वेली सरमिसळ लावलेल्या. कोणती जात कोठे चांगली होते हे कोणालाच नेमके सांगता येत नसे. आजोबांनी लावले म्हणून नातवाने ठेवले, एवढाच हिशेब. रोझासने लष्करी नकाशे पुढे ठेवून, उतार कमी असेल अशी जमीन शोधण्यास आरंभ केला. ती त्याला कोआच्या काठी मिळाली. तेथे पूर्वी धान्य पिकत असे; जागेचे नाव किंता द सांता मारिया, म्हणजे पवित्र मरियेचा मळा. १९७४ मध्ये, ज्या वर्षी पोर्तुगालात क्रांती होऊन जमीनदारांच्या पोटात गोळा उठला त्याच वर्षी, या गृहस्थाने ही जमीन विकत घेतली!

तेथे त्याने पायऱ्या न घालता उताराच्या दिशेने सरळ ओळी धरल्या व प्रत्येक जात निराळ्या तुकड्यात लावली. आज सुमारे १५० हेक्टर, म्हणजे पावणेचारशे एकरांच्या आसपास, वेली तेथे उभ्या आहेत. त्याचा भाचा जोआंव निकोलाव द आल्मेडा या कामी त्याच्या जोडीला होता. अनेक जातींचे रस निरनिराळे काढून, वर्षानुवर्षे चाखून व मोजून, १९८१ मध्ये या मामा-भाच्यांनी पाच जाती श्रेष्ठ म्हणून जाहीर केल्या: तोरिगा नासिओनाल, तोरिगा फ्रांका, तिंता रोरिझ, तिंता बारोका आणि तिंतो कांव. दोउरोतील पुढील लागवडीवर या निवडीचा मोठा परिणाम झाला. आम्हांस येथे एक शंका बोलून दाखवावीशी वाटते. पाचांची कीर्ती झाली म्हणजे उरलेल्यांकडे दुर्लक्ष होते. त्या खोऱ्यात द्राक्षाच्या कितीतरी जुन्या जाती आहेत, आणि आता पुन्हा लोक त्यांचा शोध घेऊ लागले आहेत. आमच्याकडील भाताच्या जुन्या वाणांची गत ज्यांस ठाऊक आहे त्यांस हे अधिक सांगावयास नको.

मळ्यास ‘एर्वामोइरा’ हे नाव सुझान शांताल या लेखिकेच्या कादंबरीवरून मिळाले. १९९० मध्ये रामोस पिंटो पेढी फ्रान्समधील लुई रोदेरेर या दुसऱ्या एका कौटुंबिक पेढीकडे गेली. तथापि मळ्याचे काम पूर्वीच्याच मंडळींच्या हाती राहिले. आणि याच सुमारास खरे संकट पुढे आले.

कोआच्या मुखापासून थोड्याच अंतरावर विजेसाठी मोठे धरण बांधण्याचे सरकारी वीज कंपनीचे ठरले होते व १९९० नंतर लवकरच काम सुरू झाले. पाणी चढले असते तर एर्वामोइराचा मोठा भाग तळाशी गेला असता. रोझासने व त्याच्या माणसांनी विरोध केला. पण एका द्राक्षमळ्यासाठी धरण थांबते, असे कोणी कोठे ऐकले आहे काय? देशाला वीज हवी, गावाला काम हवे, आणि मळेवाल्यास भरपाई देता येते. हिशेब सरळ होता.

अशा वेळी, धरणाच्या क्षेत्रात पाहणी करणाऱ्या पुरातत्त्ववेत्त्यास कानादा दो इन्फेर्नो नावाच्या अरुंद घळीत शिळांवर कोरलेले पशू आढळले. नोव्हेंबर १९९४ मध्ये ही वार्ता जगजाहीर झाली, आणि मग एकामागून एक स्थळे उजेडात येऊ लागली: पेनास्कोझा, रिबैरा द पिस्कोस, किंता दा बार्का. गुहेच्या अंधारात नव्हे, तर उघड्या आकाशाखाली, नदीच्या सतरा किलोमीटर काठावर हिमयुगातील माणसाने सहस्रावधी आकृती कोरून ठेवल्या होत्या. काही कठीण दगडाने टोचे मारून, काही बारीक रेघांनी, काही घासून. रानबैल, घोडा, रानबकरा व हरीण हे मुख्य पशू. एकावर एक इतक्या आकृती की नवख्याला प्रथम नुसते ओरखडेच दिसावेत. कोठे कोठे एकाच धडाला दोन-तीन मस्तके काढलेली आहेत. पशू मान फिरवीत आहे हे दाखविण्याचा तो प्रयत्न असावा, असे जाणते म्हणतात, आणि चित्र पाहिल्यावर ते पटते.

सृष्टिविज्ञानाच्या दृष्टीने या शिळा म्हणजे त्या खोऱ्याची पशुगणनाच होय. त्यांवरील रानबैल हा आमच्या गाईबैलांच्या पूर्वजांचा भाऊबंद. त्याच्या जातीचा अखेरचा प्राणी १६२७ मध्ये पोलंडच्या अरण्यात मेला. रानबकऱ्याची पोर्तुगालातील जात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नामशेष झाली. घोडा मात्र टिकला, तो माणसाच्या दावणीस बांधला गेला म्हणून.

आमच्या वाचकांस आणखी एक गोष्ट रुचेल. कोआच्या शिळांवरील कोरीवकाम हिमयुगातच संपले नाही. लोहयुगातील लोकांनी घोडेस्वार काढले. आणि पुढे ख्रिस्ती झालेल्या तेथील शेतकऱ्यांनी व पाणचक्की चालविणाऱ्यांनी त्याच दगडांवर क्रूस आणि पवित्र साक्रामेंताच्या आराधनेचे पात्रही कोरले. दळण व्हावयास वेळ लागे; तेवढ्यात बसल्या बसल्या हे काम होई. नदीकाठी ही परंपरा विसाव्या शतकापर्यंत चालली.

आता वाद पेटला. फोझ कोआच्या शाळेतील विद्यार्थी रस्त्यावर आले; कोरीव चित्रांना पोहता येत नाही, अशा अर्थाची त्यांची घोषणा देशभर दुमदुमली. वीज कंपनीने नेमलेल्या तज्ज्ञांपैकी काहींनी ही चित्रे फार तर काही सहस्र वर्षांची, किंवा त्याहूनही अलीकडची आहेत, असे मत दिले. शिळा कापून अन्यत्र न्याव्यात, अशीही एक सूचना होती. ऑक्टोबर १९९५ च्या निवडणुकीत सरकार बदलले, आणि आंतोनियो गुतेरेस यांच्या नव्या मंत्रिमंडळाने त्या वर्षाच्या अखेरीस धरणाचे काम थांबविले. १९९६ मध्ये पुरातत्त्व उद्यान स्थापन झाले व डिसेंबर १९९८ मध्ये युनेस्कोने कोआच्या शिळांस जागतिक वारशात स्थान दिले. वयाचा वादही लवकरच मिटला. १९९९ मध्ये दोउरोवरील पोसिन्यो धरणाचे पाणी खाली गेले असता फारिझेउ या ठिकाणी खोदकाम झाले, तेव्हा एक कोरीव शिळा मातीच्या थरांखाली दडलेली सापडली आणि त्या थरांत हिमयुगीन मानवाची दगडी हत्यारे होती. जी शिळा थरांनी झाकली ती थरांहून जुनी असलीच पाहिजे. येथे तज्ज्ञांच्या मताची गरजच उरली नाही.

रोझास १९९६ मध्ये वारला. मळा वाचलेला त्याने पाहिला. एर्वामोइराच्या जमिनीतही रोमन व मध्ययुगीन वस्तीचे अवशेष निघाले, आणि १९९७ मध्ये मळ्यातच त्यांचे छोटे संग्रहालय उघडण्यात आले.

सर्वांचेच कल्याण झाले, असे म्हणणे मात्र सत्यास धरून होणार नाही. धरणाच्या कामावर पोट भरेल अशी आशा धरणारे गावकरी निराश झाले. प्रवासी येतील, पैसा येईल, या सांत्वनाची पूर्ती सावकाश व अपुरी झाली. कोआचे मोठे संग्रहालयसुद्धा २०१० मध्ये, म्हणजे निर्णयानंतर पंधरा वर्षांनी उघडले. शिवाय विजेची गरज काही संपली नव्हती. कोआवर टळलेले धरण दोउरोच्याच दुसऱ्या उपनदीवर, साबोरवर झाले. तेथील खोरे २०१० नंतरच्या दशकात पाण्याखाली गेले. त्यातही मळे होते, जैतुनाची झाडे होती, पक्ष्यांची घरटी होती. नव्हते ते कोआसारखे विख्यात पशू. हरित वसईच्या चळवळीत ज्यांनी चपला झिजविल्या व ज्यांनी आपली बावखले बुजताना पाहिली त्यांस या हिशेबातील कडवटपणा आमच्यापेक्षा अधिक कळेल.

खोऱ्याची सृष्टी मात्र पुन्हा हळूहळू भरते आहे. कोआच्या वरच्या अंगास फाया ब्रावा नावाचे खासगी अभयारण्य सन २००० पासून एका लोकसंस्थेने जमिनीचे तुकडे विकत घेत घेत उभे केले. तेथील कड्यांवर गिधाडे व बोनेलीचा गरुड घरटी करतात. आमच्याकडे दिसणारे पांढरे गिधाडही उन्हाळ्यात आफ्रिकेहून तेथे येते. गरुडांस भक्ष्य मिळावे म्हणून शेतकऱ्यांचे पडके कबुतरखाने दुरुस्त करून पुन्हा वापरात आणले, ही त्या संस्थेची कल्पना आम्हांस फार आवडली. गारानो जातीची रानटी वळणाची घोडी तेथे मोकळी चरतात. २०२३ मध्ये कोआच्या खोऱ्यात ‘तौरोस’ नावाचे गुरांचे कळपही सोडण्यात आले. जुन्या युरोपीय जातींच्या संकरातून, नष्ट झालेल्या रानबैलाशी शक्य तितके साम्य यावे अशा रीतीने ते निपजविले आहेत. नष्ट झालेली जात यामुळे परत येत नाही. परंतु गवत खाणारे ते मोठे तोंड परत येते, झुडुपांची दाटी कमी होते व वणव्याचे भय काहीसे घटते.

एर्वामोइराची द्राक्षे आजही दरवर्षी खुडली जातात, आणि दहा वर्षे पिंपात मुरविलेला एक रस या मळ्याच्याच नावाने विकला जातो. तिकडे जाणे कोणास घडले तर एवढे ध्यानात ठेवावे: कानादा दो इन्फेर्नोच्या शिळा सकाळी पाहावयाच्या असतात आणि पेनास्कोझाच्या दुपारनंतर. ऊन तिरपे पडले म्हणजे बारीक रेघांत सावली भरते, आणि क्षणापूर्वी जेथे कोरा दगड दिसत होता तेथे शिंगे, मान आणि पाठीचा बाक दिसू लागतो.